इंचभर खाली

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की शेजारीपाजारी आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात, मग अ‍ॅव्हरेज विचारतात, मग किंमत विचारून 'जरा घाईच केलीत' म्हणतात आणि शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून, खाली वाकून, गाडीच्या पोटाखालून पलीकडचा रस्ता किती दिसतो ते बघतात. "खाली लागत नाही ना?" याचं समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय पेढा तोंडात जात नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात मात्र माणसांची अशी एक जमात आहे, की गाडी खाली लागेल अशी झाल्याशिवाय तिला झोप लागत नाही.

ही जमात बहुतांशी साठीच्या पुढची. दाढी पांढरी, पोट सुटलेलं, नखांत ग्रीस. प्रत्येकाच्या गॅरेजात एक जुनी फोर्ड असते, शक्यतो १९३२ सालची. 'गाडी असते' म्हणजे गाडी उभी असते असा अर्थ घेऊ नये. बॉडी एका भिंतीला टेकलेली, इंजिन साखळीला लोंबकळलेलं, आणि ज्याला आमचे मेकॅनिक लोक चासी म्हणतात तो लोखंडी सांगाडा मधोमध चार स्टँडवर ठेवलेला. घरातली चालू स्थितीतली, हप्ते भरून घेतलेली गाडी बाहेर उन्हात. या प्रकाराला हॉट रॉड म्हणतात. जुन्या गाडीचे मडगार्ड उतरवायचे, इंजिन दांडगं बसवायचं आणि पुढची बाजू जमिनीकडे झुकवायची, एवढी त्याची ढोबळ व्याख्या. पहिली दोन कामं माणूस उमेदीत उरकतो. तिसऱ्यात त्याचं म्हातारपण जातं.

माझी मुलगी तिथेच राहते. तिच्या शेजारचे गृहस्थ या जमातीतले. पूर्वी शाळेत पोरांना लोखंडकाम शिकवायचे, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणतो. माझी स्वतःची नोकरी बसच्या कार्यशाळेत झाली. पाटे, म्हणजे गाडीचं वजन तोलणाऱ्या लवचिक पोलादी पट्ट्या, हा माझा विषय. बसच्या पुढच्या बाजूचे पाटे बसले की खोलायचे, तुटलेला पाटा बदलायचा, गरज पडली तर एखादा वाढवायचा आणि बस पुन्हा ताठ उभी करून रस्त्यावर सोडायची. थोडक्यात, गाड्या वर उचलण्याबद्दल मला पगार मिळत असे. अशा माणसाने मास्तरांच्या गॅरेजात प्रथम डोकावलं तेव्हा ते पाट्यांच्या गठ्ठ्यातून चांगले धडधाकट पाटे काढून बाजूला ठेवत होते.

मी विचारलं, "तुटले?"

"नाही."

"बसले?"

"छे."

"मग?"

"गाडी फार उंच दिसते."

वैद्याने रोग्याची नाडी बघून 'तब्येत उत्तम आहे, ती जरा बिघडवू या' म्हणावं, तसं मला वाटलं.

यात दोष द्यायचा तर आधी हेन्री फोर्डला द्यायला हवा. त्याने १९०८ मध्ये मॉडेल टी काढली तेव्हा अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतले रस्ते म्हणजे चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या होत्या. गाडी उंच ठेवणं भागच होतं. शिवाय एक चाक खड्ड्यात आणि दुसरं ढेकळावर गेलं तरी सांगाडा पिळवटू नये, म्हणून त्याने पुढे एकच पाट्यांचा गठ्ठा बसवला, तोही आडवा. आपल्या बस-ट्रकना दोन्ही बाजूंना दोन उभे गठ्ठे असतात. फोर्डचा गठ्ठा एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारा, मध्ये सांगाड्याच्या आडव्या पट्टीला यू-बोल्टांनी आवळलेला, दोन्ही टोकांना झुलती कडी, म्हणजे शॅकल. युक्ती नामी होती. अशा दीड कोटी गाड्या खपल्या. पुढे डांबरी रस्ते आले, इतर कंपन्यांनी स्प्रिंगा बदलल्या, पण हेन्रीबाबांनी आडवा पाटा काही सोडला नाही. १९४७ मध्ये ते वारले आणि १९४९ च्या मॉडेलपासून पुढे कॉइल स्प्रिंगा आल्या. थोरल्यांचा फोटो भिंतीवर लागल्यावरच घरातलं फर्निचर बदलतं, ही काही केवळ आपल्याकडची रीत नाही.

१९३२ साली याच हेन्रीने सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन घातलं. ताकद ६५ अश्वशक्तीची, म्हणजे आज आपल्या छोट्याशा हॅचबॅकलाही जेवढी असते तेवढी. पण त्या काळी ती ऐकून पोरांची डोकी फिरली. लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडे वाळवंटात कोरडी पडलेली सरोवरं आहेत, म्युरॉक, एल मिराज वगैरे. मैलोन् मैल सपाट, टणक माती. तिथे ही पोरं गाड्या पळवायची. वेग वाढवायचा तर वजन कमी करा, म्हणून मडगार्ड गेले. वारा कमी अडवायचा तर गाडी खाली घ्या, म्हणून पुढची बाजू उतरली. मागे मोठी चाकं घातली की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत जास्त अंतर तोडलं जातं, म्हणून मागची बाजू चढली. म्हणजे हॉट रॉडची ती प्रसिद्ध ऐट, नाक जमिनीला आणि ढुंगण आभाळाला, ही मुळात निव्वळ गणितातून आलेली. १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी मिळून एक संघटनाही काढली, नियम केले, वेळ मोजणारी यंत्रं आणली. युद्धानंतर परत आलेल्यांचा उत्साह तर विचारू नका. बिल बर्क नावाच्या पठ्ठ्याने १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखाली लावायची पेट्रोलची जादा टाकी घेतली, तिला चाकं लावली आणि तिच्यात बसून सरोवरावर निघाला. तेही एल मिराजच्या, कारण म्युरॉकवर तोवर लष्कराने विमानतळ थाटला होता, आज त्याला एडवर्ड्स हवाई तळ म्हणतात. १९४८ च्या जानेवारीत या विषयाला वाहिलेलं मासिकही निघालं. एखाद्या वेडाचं मासिक निघालं की ते वेड राहत नाही, क्षेत्र होतं.

मास्तरांना मात्र सरोवरावर जायचं नाही. त्यांना रविवारी सकाळी अडीच मैलांवरच्या हॉटेलात अंडी खायला जायचंय. रस्त्यावर वेगमर्यादा ताशी पस्तीस मैल, मध्ये पाच सिग्नल. वाऱ्याचा अडथळा हा प्रश्न या प्रवासात कुठेच उपस्थित होत नाही. तरी नाक खाली पाहिजे. कारण तेच, गाडी उंच दिसते.

आता गाडी पुढून खाली घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? बाहेरच्या माणसाला वाटतं, असेल एखादा स्क्रू. वास्तविक मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येक मार्गावर मास्तरांच्या वयाचे दोघे तरी आधीच भांडत उभे आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे मी पाहिला तो, पाटे कमी करणे. गाडी उतरते, पण मऊ पडते आणि खड्ड्यात आपटते. दुसरा मार्ग मेन पाट्याची टोकं उलटी वळवण्याचा. बुश बसतो ते गोल वळण मुळात पाट्याच्या एका अंगाला असतं, ते दुसऱ्या अंगाला केलं की सांगाडा इंचभर उतरतो आणि चालीत फारसा फरक पडत नाही. हा मार्ग मला पटला. पाट्याचा मान राखून केलेली गोष्ट आहे.

खरी मिरवायची गोष्ट म्हणजे उतरवलेला अ‍ॅक्सल. फोर्डचा पुढचा अ‍ॅक्सल हा इंग्रजी आय अक्षराच्या छेदाचा घडीव लोखंडी दांडा. जुन्या कारागिरांनी काय केलं, तर दोन्ही टोकांशी तो लालभडक तापवला आणि असा ताणून वाकवला, की चाक जिच्याभोवती वळतं ती किंगपिन बसायची जागा वर गेली आणि मधला दांडा खाली राहिला. चाकं होती तिथेच. गाडी मात्र तीन-चार इंच बसली. सॅन डिएगोच्या एड स्ट्युअर्ट यांनी ताणलेले अ‍ॅक्सल लोक आजही जुन्या बाजारात हुडकत हिंडतात. ताणलेला भाग अर्थातच बारीक होतो, म्हणून काहीजण आयच्या खाचेत पट्ट्या वेल्ड करून तो भरून काढतात. याउलट दुसरी एक शाखा त्याच दांड्याला ओळीने भोकं पाडते. वजन कमी व्हावं म्हणून, असं सांगतात. दोन्ही शाखांचे लोक एकमेकांकडे दयेने बघतात. आता तयार उतरवलेले नवे अ‍ॅक्सल पार्सलने घरपोच येतात, पण मास्तरांच्या मते तो बायकोने विकतचे लाडू डब्यात भरून ठेवण्याचा प्रकार झाला. ही उपमा माझी. त्यांनी पायाशी पडलेल्या रिकाम्या खोक्याला नुसती लाथ मारली.

बरं, अ‍ॅक्सल उतरला म्हणजे काम झालं, असं नाही. टायरॉड हा स्टिअरिंगच्या हातांना धरून दोन चाकांमध्ये आडवा जातो आणि त्या हातांची जागा चाकाबरोबर ठरते. अ‍ॅक्सल खाली बसला, हात होते तिथेच राहिले, आणि टायरॉड जाऊन बसला विशबोनला. विशबोन म्हणजे अ‍ॅक्सलला मागून धरून ठेवणारा इंग्रजी व्हीच्या आकाराचा दांडा. तेव्हा स्टिअरिंगचे हातही तापवून खाली वाकवायचे. ते केलं. आता विशबोनचं मागचं टोक. हेन्रीने दोन्ही बाहू मागे एकत्र आणून गिअरबॉक्सच्या खाली एका गोळ्यात अडकवले होते. मास्तरांना जुनं इंजिन नको होतं, त्यांनी शेव्हरोलेचं व्ही-८ आणून ठेवलं होतं. फोर्डमध्ये शेव्हरोलेचं इंजिन, यावरही तिथे दोन घराणी आहेत, त्यात आपण पडू नये. पण शेव्हरोलेबरोबर शेव्हरोलेचा गिअरबॉक्स आला आणि तो गोळा बसायची जागाच उरली नाही. मग विशबोन मधोमध कापला आणि एकेक बाहू सांगाड्याच्या एकेका बाजूला जोडला.

इथे माझ्यातला पाटेवाला जागा झाला. बाहू एकत्र होते तोवर एक चाक वर गेलं तरी सगळं त्या एका गोळ्याभोवती फिरत असे, कोणाला त्रास नव्हता. दोन्ही बाहू वेगळे नांदायला लागले की चाक वर जाताना प्रत्येक जण आपल्या बाजूने ओढतो आणि मधल्या मधे अ‍ॅक्सल पिळला जातो. मी हे हातवारे करून समजावलं. मास्तर म्हणाले, "बरोबर. म्हणूनच आयचा दांडा हवा. तो पिळून घेतो. गोल नळीचा अ‍ॅक्सल असता तर त्याने ऐकून घेतलं नसतं." नळीच्या अ‍ॅक्सलला चार सुटे दांडे लावावे लागतात, म्हणजे तो पिळाशिवाय वरखाली होतो. म्हणजे ज्याला पीळ सोसतो त्याच्यावर दोन्हीकडून ओझं टाकायचं. यांत्रिकी विषयातलं इतकं घरगुती तत्त्व मी नोकरीत कधी ऐकलं नव्हतं.

अजून किंगपिन राहिली. ती सरळ उभी नसते, वरच्या टोकाला मागे रेलून असते, साधारण पाच ते सात अंश. त्या रेलण्यामुळेच वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ होतात. पण मागची चाकं मोठी घातली की अख्खा सांगाडा पुढे झुकतो आणि किंगपिन ताठ होते. ताठ किंगपिनची गाडी सरळ रस्त्यावरही बावचळते, आणि चाकं थरथरायला लागली की स्टिअरिंग हातात राहत नाही. या थरथरीला तिथे जे नाव आहे त्यात 'मृत्यू' हा शब्द येतो, यावरून काय ते समजावं. म्हणून कोन मोजायचा, विशबोनचं मागचं टोक हलवायचं, परत मोजायचा. शिवाय खड्ड्यात चाक वर जाताना स्टिअरिंगचा दांडा एका वर्तुळात फिरतो आणि अ‍ॅक्सल दुसऱ्या. दोघांचं जमलं नाही तर खड्डा आला की गाडी आपलं आपण वळते. चालकाचा त्यात काही संबंध राहत नाही.

एका सकाळी मास्तर हिरमुसून बसले होते. सगळं जोडून झालं होतं आणि गाडीचं नाक ढिम्म खाली आलेलं नव्हतं. उलट ते बैलगाडीच्या दांड्यांसारखं वर आलं होतं. मी जन्मात प्रथमच त्यांना धीर दिला. पाट्यावर वजन नसलं की तो कमानीसारखा फुगून बसणारच. सांगाड्यावर इंजिन नाही, रेडिएटर नाही, बॉडी नाही. पाट्याने वाकायचं कोणासाठी? व्ही-८ चं वजन अडीचशे किलोच्या घरातलं. पण ते चढवायला साखळी, क्रेन आणि दोन दिवस लागणार, आणि मास्तरांना उंची आत्ताच्या आत्ता बघायची होती.

शेवटी इंजिनाच्या जागी फळ्या टाकल्या आणि त्यांवर आम्हाला बसवलं. जावई आयटीतला, त्यामुळे बसण्याचा त्याला सराव. त्याने लॅपटॉपही बरोबर आणला. मी त्याच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. मास्तरांच्या सौभाग्यवती आल्या, त्यांनी आधी फळी पुसून घेतली. तरी नाक अर्धा इंच कमी पडत होतं. मग मुलीने स्वयंपाकघरातून आमच्या सौ.ला आणलं. हिने हातातली मेथीची जुडी खाली न ठेवता सगळ्यात पुढे जागा घेतली.

"अहो, मी नक्की काय आहे?" तिने विचारलं.

"रेडिएटर."

"मग डोकं तापलेलंच असणार."

मास्तर गॅरेजाबाहेर रस्त्याच्या पलीकडे जाऊन जमिनीवर पालथे झोपले आणि एका डोळ्याने बघू लागले. आमच्याकडून हालचाल होऊ नये अशी विनंती होती. जावयाची मीटिंग चालू होती. पलीकडून कोणीतरी त्याला कॅमेरा चालू करायला सांगत होतं आणि तो नेटवर्क खराब असल्याचं सांगत होता. मेथी निवडून होत आली तेव्हा मास्तर उठले, टेप घेऊन आले, अ‍ॅक्सल आणि सांगाडा यांमधली जागा मोजली आणि म्हणाले, "अजून एक इंच जमेल." जमेल तेही बरोबर, पण मग अ‍ॅक्सल वर येऊन सांगाड्यावर आदळणार, म्हणजे मध्ये रबराचे ठोकळे हवेत. ठोकळ्यांची उंची तो इंच परत खाणार. मास्तरांनी हिशोब केला आणि अर्ध्या इंचावर तडजोड झाली.

पण या गाडीला घराबाहेर पडायचं कसं? अमेरिकन घरासमोर उतार असतो आणि उतार संपतो तिथे पाणी वाहून जायला गटाराची पन्हळ. इतर गाड्या तिच्यावरून कळूही न देता जातात. मास्तरांच्या मित्राची गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा निघताना तिला तिरकं घेऊन, एकेक चाक पन्हळीत उतरवून, दोघांनी पुढे ओणवं होऊन 'ये, ये, थांब, थांब' करत बाहेर काढली. शेवटच्या वितीला खर्रकन आवाज झालाच. मित्राचा चेहरा उजळला. "थोडीशीच लागली," तो अभिमानाने म्हणाला. मला आमच्या गावाकडचे गतिरोधक आठवले. तिथे ही गाडी मधोमध टेकली असती, चाकं हवेत फिरली असती, आणि गावाने पहिल्या तासात तिच्यावर बसायला सुरुवात केली असती.

आपल्याकडे हे व्हायचंही नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं आहे. कॅलिफोर्नियातही कायदा होता, पण त्याचा रोख वेगळा. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली जाता कामा नये. हॉट रॉडवाल्यांचा स्वतःचाही नियम जवळपास हाच. टायर फुटून गाडी रिमवर आली तरी दुसरं काही रस्त्याला घासू नये; त्यासाठी ते चाकांच्या तळातून दोऱ्या ताणून बघतात. यात मला ते कायद्यापेक्षा शहाणे वाटतात. पण तिथल्या मेक्सिकन वस्त्यांमधल्या पोरांची गाडी सर्वांगाने रस्त्यावर बसवायची तऱ्हा निराळी. कायदा आडवा आला तेव्हा रॉन अगिर्रे नावाच्या एका तरुणाने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवले. पोलिस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलिस गेला की खाली. सरकारशी इतक्या आदबीने उठून-बसून वागलेला नागरिक क्वचितच सापडेल. तो कायदा २०२४ पासून रद्द झाला. आता गाडी बसलेलीच ठेवता येते, पण पंपांची सवय लागलेले लोक तरी सिग्नलला तिला नाचवतातच.

रविवारी एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये या सगळ्यांचा मेळा भरतो. घडीच्या खुर्च्या, थर्मास, टोप्या. गाड्या ओळीने उभ्या, आणि माणसं त्यांच्याकडे बघताना उभी नाहीत. कारण बघायचं ते सगळं जमिनीपासून वीतभर उंचीवर. सत्तरीचे लोक एकेका गाडीपुढे उकिडवे बसतात, मान तिरपी करतात, अ‍ॅक्सल बघतात. "तीन?" "साडेतीन." "उलटा पाटा?" "उलटा." मग माना डोलतात. काहींनी पाट्यांचा गठ्ठा अ‍ॅक्सलच्या वर न ठेवता चक्क सांगाड्याच्या पुढे टांगलेला असतो. त्यामुळे सांगाडा फार खाली येतो, पण एक जोड तुटला की तो थेट रस्त्यावर. या जोडणीला तिथले लोक आत्महत्येचं नाव देतात आणि कोणी केली असली तर भोवती सगळ्यात मोठा घोळका असतो. हे सगळं बघून झालं की उठायचा प्रश्न येतो. गाडी जितकी खाली, तितका गुडघ्यांचा आवाज मोठा. मी पाहिलं, प्रत्येक गाडीच्या रेडिएटरची चकचकीत जाळी एका विशिष्ट उंचीवर हातांच्या ठशांनी मळलेली होती. मालक दर पंधरा मिनिटांनी फडक्याने ती पुसत होता, बोलत काहीच नव्हता. त्यालाही शेजारची गाडी बघून तसंच उठायचं होतं.

मास्तरांचं इंजिन अखेर चढलं. रेडिएटर चढला. आमची सौ. पदमुक्त झाली. नाक खाली आलं, अगदी ठरल्या मापाने. मास्तर रस्त्यापलीकडे पालथे झोपले. मी शेजारी उकिडवा बसलो. बराच वेळ ते काही बोलेनात. मला वाटलं, समाधान झालं.

"दिवे," ते म्हणाले.

"काय झालं दिव्यांना?"

"नाक खाली गेलं, पण दिवे वर राहिले." आणि खरंच, दोन्ही दिवे त्यांच्या आडव्या दांड्यावर डोळे वटारल्यासारखे वर उभे होते. त्यावर उपाय तयारच आहे, दिव्यांचा दांडाही खाली वाकवलेला मिळतो. तो आला, बसला. मग छप्पर उंच दिसायला लागलं. छप्पर कापायचं म्हणजे चारही खांब तीन इंच छाटायचे आणि टप पुन्हा जोडायचा. मास्तर स्वतः सहा फुटांच्या वर. मी भीत भीत विचारलं, "आणि तुमचं डोकं?"

"सीट खाली घेऊ."

"सीट आधीच जमिनीला टेकलीय."

"मग जमीन कापू," मास्तर म्हणाले, "आणि अख्खी बॉडीच सांगाड्यावर खाली बसवू." आणि टेप काढून ते कामाला लागले. शनिवारी बॉडीचं वजन म्हणून कोण कोण बसू शकेल, तेवढं मुलीला विचारून ठेवायला सांगितलंय.